आतला पट्टा

हिंजवडीहून मुंबईचं विमानतळ चार तासांवर आहे आणि त्यातला पहिला तास वाकडच्या पुलापर्यंत पोचण्यात जातो. २०१४ च्या नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी तरी गेला. फेज दोनच्या गेटातून आमची कॅब निघाली तेव्हा सहा वाजले होते, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या बसा एकदम सुटायची वेळ. शिवाजी चौकात गाडी अशी उभी राहिली की ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि आरसा माझ्याकडे वळवून विचारलं, "मॅडम, फ्लाइट कितीची?"

"रात्री दोन पन्नासची."

"मग मिळेल," असं म्हणून त्याने शेंगदाण्याची पुडी उघडली आणि माझ्यापुढे धरली. मी चार दाणे घेतले. एकेक दाणा चावून चावून त्याचं पीठ केलं, मग गिळला. चार दाण्यांना भूमकर चौकाच्या फाट्यापर्यंतचा वेळ पुरला. अशा रहदारीत हिंजवडीकरांचा जीव वर येतो. माझा मात्र त्या दिवशी खाली जात नव्हता. कारण मला माहीत होतं, पण कबूल करायचं नव्हतं. मंगळवारी मी दवाखान्यात जाऊन आतलं पाणी वाढवून घेतलं होतं.

हे पाण्याचं प्रकरण सांगितलं पाहिजे. माझ्या जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा आहे. २०१० मध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो बसवला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुग्यासारखी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी निघते आणि पोटावर कातडीखाली बसवलेल्या एका चकतीला जोडलेली असते. सायकलच्या ट्यूबला व्हॉल्व्ह असतो तशी ही चकती. आम्ही तिला पोर्ट म्हणतो. डॉक्टर बोटांनी पोर्ट चाचपतात, कातडीतून सुई टोचतात आणि मिठाचं निर्जंतुक पाणी आत सोडतात किंवा बाहेर काढतात. पाणी वाढलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. पट्ट्याच्या वर जठराची लिंबाएवढी पिशवी उरते. घास तिथे थांबतो आणि वाळूच्या घड्याळासारखा हळूहळू खाली झिरपतो. त्यामुळे अर्ध्या वाटीत पोट भरल्याची वर्दी मेंदूला जाते. न चावता गिळलं, तर वर्दीऐवजी बोंब जाते.

असा पट्टा दुर्बिणीतून पहिल्यांदा बसवला तो बेल्जियममध्ये, १९९३ साली. अमेरिकेने २००१ मध्ये परवानगी दिली आणि पुढची दहा वर्षं त्याचीच चलती होती. जठर कापावं लागत नाही, आतडी जोडावी लागत नाहीत, नको झालं तर काढून टाकता येतं, हे सगळं मला तेव्हा फार पटलं होतं. आता जठराचा मोठा भाग कापून काढायची स्लीव्हची शस्त्रक्रियाच सगळीकडे होते. माझे डॉक्टर हल्ली मला तपासायला घेतात तेव्हा शिकाऊ डॉक्टरांना मुद्दाम आत बोलावतात. जुन्या वाड्याचा कोनाडा दाखवावा तसं माझं पोट दाखवतात.

पट्टा बसवला तेव्हा माझं वजन होतं १०२ किलो आणि उंची पाच फूट दोन इंच. गोळ्या चालू होत्या, गुडघे बोलायला लागले होते. आपल्याकडच्या माणसांसाठी या शस्त्रक्रियेची वजनाची मर्यादा गोऱ्यांपेक्षा खाली धरतात, कारण तेवढ्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त असते. ही गोष्ट जगाला ठणकावून सांगितली ती आमच्या पुण्यानेच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हा किस्सा मी ऑपरेशनच्या आधी सासूबाईंना सांगितला, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे बारीक दिसणारेही लबाडच."

मंगळवारी मी पाणी वाढवून घेतलं त्यामागे माझा हिशेब होता. ऑनसाइट गेलं की तीन आठवड्यांत तीन किलो ठरलेले. हॉटेलातला नाश्ता, क्लायंटची जेवणं, रात्री एकटीने खोलीत बसून खाल्लेलं चॉकलेट. तेव्हा पावसाळ्याआधी कौलं शाकारून घ्यावीत तसा पट्टा आधीच आवळून घ्यावा. डॉक्टरांना मी एवढंच म्हटलं, "थोडं सैल वाटतंय." शुक्रवारी विमान आहे, हे बोलले नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. नियम मोडायचा असेल तेव्हा आपण सगळेच असं गप्प राहतो.

किवळ्यावरून एकदा एक्स्प्रेसवे लागला की जीव भांड्यात पडतो. लोणावळ्यापाशी मी पाण्याची बाटली अर्धी रिकामी करून झाकण घट्ट लावलं आणि ती दाराच्या खाचेत ठेवून दिली. घाट उतरून गाडी खोपोलीच्या सपाटीला आली तेव्हा बाटलीने गालफडं आत ओढली होती. टचकन आवाज झाला म्हणून ड्रायव्हरने मागे पाहिलं. लहानपणापासून मुंबई-पुणे करणाऱ्यांनी हे हजारदा पाहिलेलं असतं. मुंबईहून वर येताना वेफरचं पाकीट फुगतं, पुण्याहून खाली जाताना बाटली चेपते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, तेवढ्याशा फरकात बाटलीचा हा अवतार. त्या बाटलीकडे बघून मला काहीतरी सुचायला हवं होतं. मी ती कचऱ्यासाठी बाजूला ठेवली आणि फोनवर मेल बघू लागले.

विमानाशी माझं जुनं वैर आहे. २००७ मध्ये पहिल्यांदा ऑनसाइट गेले तेव्हा खुर्चीचा पट्टा पोटावर पोचला नाही. दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर. मी श्वास ओढून, पोट आत घेऊन पाहिलं, पर्स मांडीवर ठेवून लपवून पाहिलं. शेवटी हवाईसुंदरीने जास्तीचा पट्टा आणून दिला, तोही हळू आवाजात, अतिशय सौजन्याने. त्या सौजन्यानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारचा माणूस खिडकीबाहेर बघत होता. धावपट्टीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधल्या एका सुमारे पाचशे किलोच्या तरुणीला वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला आणलं, ते मालवाहू विमानातून, खास बनवलेल्या पलंगावर. घरात सगळे टीव्हीवर क्रेन बघत होते. मला मात्र ती आत पडल्यापडल्या कशाकडे बघत असेल, हेच दिसत होतं.

२०१४ पर्यंत मी एकाहत्तर किलोंवर आले होते आणि खुर्चीचा पट्टा बांधून वर टोक लोंबत उरायचं. ते ओढून घट्ट करण्यात मला जो आनंद व्हायचा तो कोणाला सांगितला तर खुळी म्हणतील. आत एक पट्टा, बाहेर एक पट्टा, दोन्ही बसलेले. विमान सुटायच्या आधी माझ्या मनात हेच समाधान होतं.

शेजारी एक काकू येऊन बसल्या. सत्तरीच्या घरात, नऊवारी नाही पण पाचवारीवर स्वेटर, पायांत बूट. कोथरूडच्या. मुलगी फ्रँकफर्टजवळ, तिला आठवा लागलेला, म्हणून निघालेल्या. अर्ध्या तासात मला त्यांच्या बॅगेतलं सगळं ठाऊक झालं. डिंकाचे लाडू, आळीव, मेतकूट, बाळंतशेपा, ओवा, बाळाच्या दुपट्यांसाठी फाडून आणलेली जुनी धोतरं. काही लाडू हातातल्या पिशवीतही होते, कारण "सामान हरवलं तर निदान एवढे तरी पोचतील."

"तू एक घे गं."

"नको काकू, आत्ता नको."

"का? तुपातले आहेत."

आग्रह हा आपल्याकडे दुसरा वायुदाब आहे. पट्टा बसवल्यापासून मला तो चोहोबाजूंनी जाणवतो. ऑपरेशनचं ऑफिसात फक्त दोघींना माहीत होतं. बाकीचे कँटीनमध्ये माझ्या ताटाकडे बघून बोलायचे. डाएट का? उपास का? काही लागलंय का मनाला? हिंजवडी गावात आमचे घरमालक राहायचे. चैत्रात हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड निघालं की त्यांच्याकडे जेवायला जावंच लागायचं. गावातली बाई पानात वाढते तेव्हा हात आडवा धरला तरी वाटेने वळसा घालून वाढते. त्यांच्याकडे मी अर्धी भाकरी एक तास खात बसायचे. काही वर्षांनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत आली आणि ऑफिसात दीक्षित की ऋजुता दिवेकर यावरून टेबलं वेगळी झाली, तेव्हा मला फार हायसं वाटलं. ताटात थोडं घेतलं तरी कोणी काही विचारेना. ज्याला त्याला मी वेगळ्या पक्षातली वाटायचे. दीक्षितांच्या पद्धतीत एक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं असतं. मला तेवढ्यात वरण-भातच उरकतो, आणि वरण-भात हेच माझं पूर्ण जेवण.

असो. विमान वर चढलं, आपल्या घड्याळाने पहाटेचे पावणेचार वाजले आणि तेव्हा जेवण आलं.

ही वेळ लक्षात घ्या. ज्याला पट्टा आहे त्याला विचारा, सकाळी पट्टा आवळलेला असतो. मी घरी दहाच्या आत घन पदार्थ तोंडात घालत नाही. आधी गरम पाणी, मग चहा, मग थोडं थांबून काहीतरी. पहाटे पावणेचारला मी उभ्या आयुष्यात जेवले नव्हते. पण ट्रे समोर आला, सगळ्यांच्या समोर आला, दिवे लागले, काट्याचमच्यांची कुरकुर सुरू झाली. मागच्या खुर्चीतून कोणीतरी "पनीर गरम आहे" म्हणालं. एवढ्या माणसांनी एका दिशेला तोंड करून एकदम जेवायचं, हा प्रकार पंगतीपेक्षाही सक्तीचा असतो. पंगतीत निदान उठून वाढायला लागता येतं.

ट्रेमध्ये भात, पालक-पनीर, काकडीच्या चार चकत्या, गुलाबजाम आणि कागदात गुंडाळलेला पावाचा गरम गोळा. मी पनीरचा छोटा तुकडा खाल्ला, गेला. मग पाव. पट्टेवाल्याने पाव खाऊ नये हे मला पहिल्या महिन्यापासून पाठ आहे. मैद्याचा मऊ पाव लाळेत भिजून चिकट गोळा होतो आणि पट्ट्याच्या तोंडाशी बुचासारखा बसतो. मऊ पोळीचंही तेच. उलट कुरकुरीत, कोरडं काही असेल तर चावून त्याचा भुगा होतो आणि तो सरळ जातो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तो पाव गरम होता, लोण्याची चकती त्यावर वितळत होती, आणि सहा तास रस्त्यावर आणि रांगेत काढून मला भूक लागली होती. दोन तुकडे खाल्ले. दुसरा जरा मोठाच होता.

अडकलं की आधी कळतं ते छातीच्या मधोमध. दुखत नाही, भरतं. दाराशी कोणीतरी उभं राहिलंय आणि आत येतही नाही, जातही नाही, तसं. मग लाळ सुटते. दिवसभरात माणूस लिटरभर लाळ गिळतो हे एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही. ती लाळ खाली जायची बंद झाली की वर साठते आणि तिचा फेस होतो. घरी मी उठून उभी राहते, हात डोक्यावर धरते, खोलीत फेऱ्या मारते. पाच मिनिटांत कधी खाली उतरतं, कधी बेसिनपाशी वर येतं. इथे समोर ट्रे, उजवीकडे काकूंचा ट्रे आणि मार्गिकेत जेवणाची गाडी आडवी. विमानाने एक हिसका दिला आणि वर पट्ट्याची खूण पेटली. बाहेरचा पट्टा बांधून बसा. आतला तर बांधलेलाच होता.

मी रुमालात फेस टिपत बसले. वीस मिनिटं गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि समोरच्या पडद्यावर आमचं बारकंसं विमान इराणकडे सरकत होतं.

तेव्हा मला लोणावळ्याची बाटली आठवली. विमानात आपण पस्तीस हजार फुटांवर असलो तरी केबिनमधली हवा तेवढी विरळ नसते. ती आठ हजार फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही असा नियमच आहे, आणि बहुतेक विमानं त्या मर्यादेच्या खालीच राहतात. पण आठ हजार फूट म्हणजे काही थोडं नाही, आपलं कळसूबाई साडेपाच हजाराच्या आत आहे. आठ हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशावर येतो. म्हणजे मुंबईच्या धावपट्टीवर पोटात जितका वायू होता तो वर गेल्यावर सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. पुण्याहून उडाले असते, तर पुणे मुळात साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे पाव हिश्शानेच फुगला असता. देशावर राहण्याचा हा एक फायदा कोणी सांगत नाही. वायू फुगण्याबद्दल डॉक्टर मंडळींनी विनोदबुद्धी शाबूत ठेवून लिहिलंय. न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये विमानातल्या वातावर एक लेख आला होता आणि त्यात प्रवाशांना सल्ला होता की रोखू नका. ज्यांच्या पोटात सगळी दारं उघडी आहेत त्यांना हे सोपं आहे. माझ्या लिंबाएवढ्या पिशवीत खाली पावाचं बूच, मध्ये हवेचा फुगा, वर फेस.

काकू बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आपला ट्रे उचलून समोरच्या खिशात कसाबसा कोंबला, पिशवीतून ओव्याची पुडी काढली आणि अगदी कानाशी येऊन विचारलं,

"कितवा महिना गं?"

मला हसू आलं. हसू आलं आणि त्याच झटक्यात पावही वर आला. खिशातली कागदी पिशवी काकूंनीच उघडून धरली. बाळंतपणं केलेल्या बाईच्या हाताला अशा वेळी काही सांगावं लागत नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या बहिणीला सांगायला मला सहा महिने लागले होते, काकूंना सहा मिनिटांत सांगून झालं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "आणि ते पाणी बदलावं लागत नाही? शिळं होत नाही?" मी म्हटलं, नाही. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी पोट सुटलं की साडीच मोठी घ्यायची." आणि दिवा मालवून झोपल्या.

मी झोपले नाही. अडकल्यानंतर आतली जागा सुजते आणि सुजली की पट्टा आणखी आवळल्यासारखा होतो. त्यातून पुन्हा काही खाल्लं की पुन्हा अडकतं, असा फेरा सुरू होतो. जोर लावून ओकत राहिलं तर पट्टा जागेवरून सरकूही शकतो, आणि तो सरकला तर टेबलावरच जावं लागतं. म्हणून चोवीस तास फक्त पातळ. मी गरम पाणी मागून घेतलं आणि घोट घोट घेत राहिले. केबिनमध्ये हवा इतकी कोरडी असते की ओठ तडतडतात. दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली. घशातला आणि पोटातला चिकटा त्याने दाट होतो. गरम पाण्याने तो सुटतो. हे पुस्तकी नाही, माझ्या घशाचं ज्ञान आहे.

सकाळी नाश्त्याला त्यांनी टोमॅटोचा रस दिला. तो मात्र अमृतासारखा लागला. खाली जमिनीवर मला तो मातकट लागतो. नंतर कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. जर्मनीतच, म्युनिकपासून जवळ होल्त्सकिर्शेन नावाच्या गावी फ्राउनहोफर संस्थेने दाबकोठीत विमानाचा एक तुकडा बसवून ठेवलाय. तिथे माणसांना बसवून, हवा विरळ आणि कोरडी करून, त्यांना जेवू घालून पाहिलं. वर मीठ आणि साखर कमी जाणवते, टोमॅटोची चव मात्र उलट खुलते. म्हणून विमानातल्या जेवणात मीठमसाला सढळ घालतात, आणि म्हणून ते खाऊन तहान लागते. पट्टेवाल्याला जेवताना पाणी प्यायची मनाई असते, कारण पाण्याने घास भराभर खाली वाहून जातो आणि पोट भरत नाही. वर ही तीन संकटं एका ट्रेमध्ये येतात.

फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा सकाळचे सात, बाहेर धुकं. हॉटेलवर पोचून मी पुण्याला डॉक्टरांना फोन लावला. तिकडे शनिवार दुपार, ते जेवत असावेत.

"मंगळवारी फिल घेतलंत आणि शुक्रवारी विमानात बसलात? बोलायचं तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो. मग?"

मग काही नव्हतं. ते रागावले नाहीत, समजावून सांगितलं. पट्ट्यात पाणी आहे, पाणी दाब कमी झाला म्हणून फुगत नाही. भरताना एखादा हवेचा बुडबुडा आत राहिला तर तो फुगेल, पण तो केवढासा. "पट्टा तोच आहे," ते म्हणाले. "तुमचं बाकीचं सगळं बदलतं. आतडी फुगतात, शरीर सुकतं, तासनतास बसून अंगावर सूज येते, झोप नाही, वेळ भलती. आणि तुम्ही त्यात नवीन फिल आणि पाव घातलात." तीन दिवस पातळ, मग मऊ. तरीही उतरत नसेल तर तिथेच दवाखाना शोधून पाणी काढून घ्यायचं. फोन ठेवताना मला पहिल्यांदा भीती वाटली ती याचीच. माझ्या पोटावरचं ते पोर्ट चाचपून, त्यात नेमकी सुई घालणारा माणूस या गावात कुठे सापडणार, आणि त्याला मी कुठल्या भाषेत सांगणार की पाव मिली काढा?

काढावं लागलं नाही. रविवार संध्याकाळपासून उतरू लागलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये भोपळ्याचं सूप होतं, नोव्हेंबरात तिकडे ते सगळीकडे असतं. त्याच्यावर मी तीन दिवस काढले. सहकाऱ्यांच्या पुढ्यात टोपलीभर पाव असायचे. एकाने टोपली माझ्याकडे सरकवली. मी नको म्हटलं, तर त्याने ती मुकाट्याने परत ओढून घेतली. एकदाच. मला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्यानंतर मी बरीच उड्डाणं केली. लांबचं विमान असलं की महिनाभर आधी पाण्याला हात लावत नाही, उलट गरज वाटली तर थोडं काढून घेते. पर्समध्ये डॉक्टरांचं पत्र असतं, पट्ट्यात किती पाणी आहे ते त्यात लिहिलेलं. बार्शी माझं माहेर. आई तिथून कडक भाकरी पाठवते, सोलापूरकडची, पापडासारखी पातळ आणि महिना टिकणारी. ती तोंडात मोडून भुगा होते आणि बिनबोभाट खाली जाते. वरती शेंगाची चटणी, तीही पूड. नाचणीचं पीठ घरूनच भाजून, जिरं-मीठ घालून डब्यात नेते. विमानात गरम पाणी मागून कपात कालवलं की पेज तयार. ट्रे आला की हसून परत करते. आधी दर वेळी कारण द्यायचे, आता देत नाही. मध्यंतरी ड्रीमलायनरने गेले. त्याचा सांगाडा धातूऐवजी बराचसा कार्बन-तंतूंचा असल्यामुळे केबिन सहा हजार फुटांवर ठेवता येते. फरक जाणवला. किंवा पाव खाल्ला नाही म्हणून जाणवला, सांगता येत नाही. लोहगावचं नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून दिल्लीची खेप तिथूनच होते. हिंजवडीहून तिथे पोचायलाही दोन तास लागतात, कारण मधलं शहर पार करायचं असतं. आमच्या रस्त्यात आता मेट्रोचे खांब उभे आहेत, त्यांच्याखाली गाडीत बसून मी आरामात अर्धी भाकरी संपवते. विमानात चढण्यापूर्वी, जमिनीवरच.

पण त्या दिवशीचं राहिलं. फ्रँकफर्टला सामानाच्या पट्ट्यापाशी काकू मला पुन्हा भेटल्या. त्यांची बॅग आली नव्हती. जावई बाहेर थांबला होता आणि त्या मला म्हणत होत्या, "बघ, म्हणूनच मी हातात ठेवले होते." मग त्यांनी पिशवीतून एक लाडू काढला, विमानातल्या कागदी रुमालात गुंडाळला आणि माझ्या कोटाच्या खिशात घातला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "आत्ता खा कुठे म्हणतेय? ठेव."

बुधवारी रात्री हॉटेलच्या खोलीत मी तो उघडला. डिंकाचा लाडू हाताने सहज कुसकरतो. चिमटीभर घेऊन जिभेवर धरला, विरघळू दिला, गिळला. थांबले. खाली गेला. पुन्हा चिमटीभर घेतला. तो लाडू मला शनिवारपर्यंत पुरला.